फ्रीझर एक, सरकारं दोन

चीनमधून घरगुती उपकरणं मागवून कॅनडात विकायची आणि तोच माल सीमेपलीकडे अमेरिकेतही खपवायचा, तर वीजवापराच्या नियमांचं नेमकं काय करावं लागतं, यावर मराठीत मला काही सापडलं नव्हतं. इंग्रजीत जे होतं ते वकिलांनी वकिलांसाठी लिहिलेलं, नाहीतर सल्लागारांनी गिऱ्हाईक गटवायला लिहिलेलं. आमच्या कंपनीचा पहिला चेस्ट फ्रीझर दोन्ही देशांत रीतसर नोंदवून झाला आणि त्यानंतरचं पहिलं वार्षिक कामही उरकलं, म्हणून हे लिहून ठेवतेय. कॅनडात टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टन-मिसिसागाच्या पट्ट्यात अशा आयातदारांकडे नोकरी करणारी आपली मंडळी आहेत. तिकडे रांजणगाव-चाकणलाही निर्यातीच्या फायली सांभाळणारे आहेत. त्यांच्यातल्या कुणाला उपयोग झाला तर बरंच.

कंपनी लहान आहे. मालक पंजाबी, त्यांना सगळे पाजी म्हणतात. गोदाम ब्रॅम्प्टनला, अमेरिकेतल्या विक्रीसाठी बफेलोला एक जोडकंपनी, आणि माल निंगबोकडच्या एका कारखान्यातला. मी पूर्वी रांजणगाव एमआयडीसीत फ्रिजच्या कारखान्यात क्वालिटीला होते. तेवढ्या भांडवलावर जानेवारी २०२४ मध्ये पाजींनी फाइल माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "बेटा, दोनों का रूल तो सेम है. एक बार भरो, दो बार भेजो."

पाजींचं हे म्हणणं अर्धं खरं निघालं. सगळा ताप उरलेल्या अर्ध्यात होता.

खरं अर्धं आधी. अमेरिकेत उपकरणांची वीजमर्यादा ऊर्जा विभाग, म्हणजे डीओई ठरवतो. मूळ कायदा १९७५ चा. कॅनडात ते काम नॅचरल रिसोर्सेस कॅनडाकडे आहे, ज्याला सगळे एनआरकॅन म्हणतात. कायदा १९९२ चा, आणि सध्या लागू असलेले नियम २०१६ चे. दोन्ही बाजारांत माल त्याच त्या कारखान्यांतून येतो, तेव्हा दोन वेगळ्या मर्यादा ठेवणं कुणालाच परवडणारं नव्हतं. २०११ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा आणि कॅनडाचे पंतप्रधान हार्पर यांनी दोन्ही देशांची नियामक सहकार्य परिषद सुरू केली. पुढे १ जुलै २०२० पासून लागू झालेल्या अमेरिका-मेक्सिको-कॅनडा करारात उपकरणांच्या ऊर्जा-मानकांसाठी स्वतंत्र परिशिष्टच आलं. याचा आमच्यासारख्यांना झालेला फायदा एका वाक्यात सांगता येतो: फ्रीझरला वर्षाला जास्तीत जास्त किती वीज चालेल, हे काढायचं सूत्र दोन्हीकडे एकच आहे.

आमचा फ्रीझर ७ घनफुटांचा, साधारण १९८ लिटर. ७.७५ घनफुटांच्या, म्हणजे २२० लिटरच्या आतला तो 'कॉम्पॅक्ट' वर्गात मोडतो. त्यावर गेलात की वर्ग बदलतो आणि सूत्रही. आधी क्षमतेला १.७६ ने गुणायचं, कारण उणे तापमानातल्या जागेला थंड ठेवायला जास्त वीज लागते. आमचे झाले १२.३२. त्याला ९.२५ ने गुणून १३६.८ मिळवायचे. उत्तर येतं २५१ किलोवॉट-तास, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत २५१ युनिट. लिटरमध्ये मांडलं तर ९.२५ च्या जागी ०.३२७ येतं, बाकी तेच. मी दोन्ही पद्धतींनी कागदावर मांडून पाहिलं, २५१ च आलं. पाजींना दाखवलं तर त्यांचा चेहरा 'मी काय म्हणालो होतो' असा.

फेब्रुवारी गेला तसाच. १० तारखेला चिनी नववर्ष होतं, आणि त्याच्या आगेमागे कारखान्यात फोन उचलायलाही कुणी नसतं. जानेवारीत काम हातात घेणार असाल तर हा महिना हिशेबातूनच वगळा. मी तेवढ्या वेळात एक गोष्ट करून घेतली. चाचणी करणारी प्रयोगशाळा आमच्या प्रमाणन संस्थेला (कॅनडासाठी कागद तपासून खूण देणारी संस्था, तिचं पुढे येईलच) चालेल का, हे ईमेलवर लेखी विचारून ठेवलं. नमुने पाठवल्यावर 'या लॅबचा रिपोर्ट आम्ही घेत नाही' असं उत्तर आलं, तर चाचणीचे पैसे पाण्यात जातात. आमच्या दोन नगांना पाठवणीसकट काही हजार अमेरिकी डॉलर लागले, त्यामुळे हा ईमेल फुकटात पडला म्हणायचा.

चाचणीची पद्धतही दोन्हीकडे जुळवलेली आहे, म्हणून एकच रिपोर्ट दोन्ही देशांना चालतो. फ्रीझर ३२.२ अंशांच्या खोलीत ठेवतात, आत उणे १७.८ राखायचं आणि झाकण शेवटपर्यंत उघडायचं नाही. घरात झाकण उघडझाप होतं, त्याची भरपाई गरम खोलीने होते असा हिशेब. पण चेस्ट फ्रीझर एकतर कमी वेळा उघडला जातो आणि उघडला तरी थंड हवा तळाशीच बसून राहते. त्यामुळे मोजलेल्या विजेला शेवटी ०.७ ने गुणतात. उभ्या फ्रीझरला हाच आकडा ०.८५ आहे.

हे सविस्तर सांगतेय कारण मार्चअखेर रिपोर्ट आला तेव्हा आमच्याकडे थोडा हलकल्लोळ झाला. एका नगापुढे रोजचा वापर ०.९०८ लिहिला होता. पाजींनी कॅल्क्युलेटर काढला, ३६५ ने गुणलं आणि आकडा माझ्यासमोर धरला: ३३१! मर्यादा २५१ ची आणि आपला फ्रीझर ३३१ खातो, कारखानेवाल्याने फसवलं, ऑर्डर रद्द करा, इथपर्यंत गाडी गेली. मी तोच कॅल्क्युलेटर घेऊन ०.७ ने गुणलं. २३२. मग चहा आला.

दोन नगांपैकी एकाचे २२६ आणि दुसऱ्याचे २३२ युनिट आले होते. आता सरकारला कळवायला आणि लेबलवर छापायला कोणता आकडा जाहीर करायचा? पाजींना सरासरी हवी होती, २२९, कारण शेजारच्या ब्रँडच्या लेबलवर त्याच्या आसपासचा आकडा होता. माझा मावसभाऊ पुण्यात एका चाचणी प्रयोगशाळेत आहे, त्याला रात्री फोन लावला. "ताई, सरासरीवर जाऊ नकोस. दोन नगांत फरक किती आहे ते आधी बघ," तो म्हणाला, आणि मग त्याने जे समजावलं ते मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत उपयोगी पडलं.

अमेरिकेच्या नियमात नमुन्यांची सरासरी हा एक आकडा असतो. दुसरा आकडा संख्याशास्त्राने काढतात: तुमच्या नगांमधल्या चढउतारावरून खरी सरासरी कुठवर जाऊ शकते याची ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा काढायची आणि तिला १.१० ने भागायचं. या दोहोंपैकी जो मोठा, त्याच्याखालचा आकडा जाहीर करता येत नाही. आमच्या २२६ आणि २३२ साठी दुसरा आकडा २२५ च्या जवळ येतो, म्हणजे सरासरी २२९ मोठी, ठीक. पण समजा एका नगाचे २१८ आणि दुसऱ्याचे २४० आले असते. सरासरी तीच, २२९. दोन्ही नग २५१ च्या आत. तरीही दुसरा आकडा २७१ येतो, म्हणजे मॉडेल नापास! दोनच नग असले की संख्याशास्त्र फार कडक वागतं. अशा वेळी आणखी नग तपासायला द्यायचे किंवा कारखान्याला हा फरक का पडतो ते शोधायला लावायचं. म्हणून चाचणीला नग पाठवताना ते एकाच खेपेतले, नेहमीच्या उत्पादनातले असावेत. 'खास बनवलेला एक आणि लाइनवरचा एक' अशी जोडी कारखाना पाठवायला बघतो, ती घेऊ नका.

शेवटी आम्ही दोन्ही देशांत २३२ जाहीर केलं. सरासरीपेक्षा जास्त जाहीर करायला हरकत नसते. उद्या सरकारने दुकानातून नग उचलून तपासलाच तर तीन युनिटांची उशी आहे. पाजी दोन दिवस नाराज होते.

आता उरलेलं अर्धं. आकडे जुळले, सूत्र जुळलं, चाचणी जुळली. पण तो आकडा सरकारला कुणी सांगायचा, कधी सांगायचा आणि कुठल्या नावाखाली सांगायचा, हे जुळलेलं नाही. आमचा बहुतेक वेळ यातच गेला.

कॅनडात तुमच्या शब्दावर तिसऱ्याचा शिक्का लागतो. स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ कॅनडाने मान्यता दिलेल्या प्रमाणन संस्थेने कागद तपासायचे, आणि मग तिची ऊर्जा-पडताळणीची खूण प्रत्येक नगावर हवी. सुरक्षेची खूण असते ती वेगळी. कारखानेवाले ती दाखवून 'सर्टिफिकेट आहे की' म्हणतात, तिथे फसू नका. संस्थेची फी आहे, दरवर्षीची वेगळी, आणि कारखान्याला त्यांच्या माणसांच्या भेटी असतात त्यांचाही खर्च. एप्रिलमध्ये अर्ज गेला. मध्येच मागच्या बाजूच्या माहितीपट्टीचं डिझाइन परत आलं, कारण खुणेची जागा बदलायला सांगितली होती. तोवर कारखान्याने पट्टीचा साचा केलेला. तो पुन्हा करण्यात आणखी काही आठवडे गेले. पट्टी छापायला मंजुरीआधी हात लावायचा नाही, हे आता आमच्या ऑर्डरमध्येच लिहिलेलं असतं.

खूण मिळाली की एनआरकॅनला ऊर्जा-कार्यक्षमतेचा अहवाल जातो. माल देशात येण्याच्या आधी. त्याची फी काही नाही. ब्रँड, मॉडेल नंबर, उत्पादक, क्षमता, वीजवापर, कोणी पडताळलं, अशी माहिती. आमच्या वतीने तो प्रमाणन संस्थेनेच पाठवला. तुमचंही तसंच होणार असेल तर पाठवलेल्या फाइलची प्रत हट्टाने मागून घ्या. ऑक्टोबरमध्ये तिचं मोल कळलं, ते पुढे येईलच. हा अहवाल एका मॉडेलसाठी एकदाच असतो. वीजवापरावर परिणाम करणारा बदल केला तरच नवा.

अमेरिकेत तिसरा कुणी लागत नाही. चाचणी करा, हिशेब मांडा आणि आपल्याच सहीने सांगा की आमचं उपकरण नियमात बसतं. ऐकायला सोपं, पण सांगितलेलं खोटं निघालं तर दंड नगाच्या हिशेबाने लागतो. त्यामुळे सही करणारा हात जरा थांबतोच. कायद्याच्या लेखी आयातदारही 'उत्पादक'च असतो, म्हणून आमच्या बाबतीत जबाबदारी बफेलोच्या कंपनीची. मूळ कारखान्याचं नाव वेगळ्या रकान्यात द्यावं लागतं. हे सगळं भरायचं डीओईच्या सीसीएमएस या ऑनलाइन यंत्रणेत. आधी खातं, मग जबाबदार व्यक्तीच्या सहीचं अनुपालन-निवेदन, मग त्या उपकरणाचा ठरलेला एक्सेल नमुना. इथेही फी नाही. नमुन्यातला कॉलम हलवू नका, नवा घालू नका, आणि दुसरीकडून चिकटवताना फक्त आकडे चिकटवा; नाहीतर फाइल गुपचूप परत येते. उपकरणावर वीजखर्चाचं पिवळं लेबल लावावं लागतं, त्याचा कारभार फेडरल ट्रेड कमिशनकडे आहे, पण त्यांची माहिती याच यंत्रणेतून देता येते, तेवढी एक खेप वाचली. कॅलिफोर्नियाचे मात्र स्वतःचे नियम आणि स्वतःची यादी आहे. आम्ही तूर्त तिथे विकत नाही. 'दोन देश जुळले' म्हणताना एका देशातली राज्यंही एकमेकांशी जुळलेली नसतात, हे लक्षात असू द्या. कॅनडात ओंटारिओ, क्यूबेक, ब्रिटिश कोलंबिया यांचेही आपापले नियम आहेत.

सगळ्यात नाजूक जागा मॉडेल नंबरची. अमेरिकेत 'बेसिक मॉडेल' ही कल्पना आहे. वीजवापराच्या दृष्टीने एकसारखे असलेले सगळे नग एका बेसिक मॉडेलखाली येतात, आणि त्याच्या पोटात प्रत्यक्ष विक्रीचे नंबर. आमचा पांढरा आणि काळा फ्रीझर तिथे एकाच बेसिक मॉडेलखाली गेला. कॅनडासाठी पट्टीवर छापलेला नंबर जसाच्या तसा हवा, म्हणून तिथे दोन ओळी. त्यात एका दुकानदाराला आपल्या ब्रँडने माल हवा होता, म्हणजे आणखी एक ओळ. मी एकच पत्रक केलं: डावीकडे पट्टीवरचा नंबर, मग कॅनडाला कळवलेला, मग अमेरिकेचा बेसिक मॉडेल, मग ब्रँड, मग लिटर आणि घनफूट दोन्ही, मग २३२. कुठलाही फॉर्म भरताना आकडा या पत्रकातूनच उचलायचा, रिपोर्टमधून नाही. या कामाला हात घालण्यापूर्वी तुम्ही एकच काही करणार असाल, तर हे पत्रक करा.

लेबलंही दोन. कॅनडाचं एनरगाइड इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषांत, वर्षाचा वीजवापर ठळक आणि त्याच प्रकारच्या इतर मॉडेलांच्या तुलनेत तुमचा बाण कुठे ते दाखवणारी पट्टी. अमेरिकेचं पिवळं, त्यावर वर्षाचा अंदाजे खर्च डॉलरमध्ये. भारतातल्या बीईईच्या लेबलसारखे तारे दोन्हींवर नाहीत, आणि मला तर ताऱ्यांपेक्षा हे आवडतं. २३२ म्हणजे २३२, तारा किती साली मिळाला ते बघत बसावं लागत नाही. पाजींचं म्हणणं होतं की दोन्ही लेबलं प्रत्येक नगावर चिकटवून टाका, माल कुठेही वळवता येईल. मी नाही म्हटलं. ज्या ऑर्डरचा माल त्या देशाचं लेबल, आणि ते कारखान्यातच लागलं पाहिजे. ब्रॅम्प्टनच्या गोदामात हिवाळ्यात खोके उघडून लेबलं लावायला माणसं कुठून आणायची?

सप्टेंबरमध्ये अमेरिकेची नोंद पूर्ण झाली आणि ऑक्टोबरमध्ये पहिले कंटेनर व्हँकुव्हरला उतरून रेल्वेने ब्रॅम्प्टनकडे निघाले. आयात करताना कस्टम्सच्या घोषणापत्रात एनआरकॅनसाठीची माहिती द्यावी लागते: उपकरण कोणतं, ब्रँड, मॉडेल नंबर, आयातदार, आणि माल विकायला आणताय की आणखी कशाला. एका कंटेनरची गाडी इथेच अडली. कारखान्याच्या इन्व्हॉइसवर मॉडेल नंबरापुढे 'सीए' ही दोन अक्षरं होती. कॅनडाची ऑर्डर ओळखू यावी म्हणून त्यांच्या हिशेब खात्याने आपल्या सोयीने जोडलेली. ब्रोकरने इन्व्हॉइसवरून घोषणापत्र भरलं. एनआरकॅनकडे तसा नंबरच नव्हता.

आठवड्याहून जास्त काळ तो कंटेनर अडकला आणि जागाभाडं चढत राहिलं. ब्रोकरचा माणूस फोनवर शांतपणे सांगत होता, "मॅम, नंबर मॅच व्हायला पाहिजे, बाकी काही अडचण नाही." तो मूळचा ठाण्याचा निघाला, हे त्या आठवड्यातलं एकमेव सुख. सुटका तीन कागदांनी झाली: एनआरकॅनला गेलेल्या अहवालाची प्रत (वर म्हटलं ती), कारखान्याचं दुरुस्त इन्व्हॉइस, आणि माल भरताना काढलेला माहितीपट्टीचा फोटो. कंटेनर बंद असल्यावर पट्टी दाखवणार कशी? तेव्हापासून प्रत्येक कंटेनर भरताना तीन-चार पट्ट्यांचे वाचता येतील असे फोटो आल्याशिवाय पाजी उरलेली रक्कम सोडत नाहीत. ऑर्डरवरही लिहिलेलं असतं, मॉडेल नंबरात एक अक्षरही वाढवायचं नाही, इन्व्हॉइसवरसुद्धा नाही.

बफेलोचा माल त्या मानाने सुरळीत गेला.

मग वाटलं संपलं. कॅनडाचं संपलंही होतं. अमेरिकेत मात्र चालू असलेली सगळी मॉडेलं दरवर्षी पुन्हा कळवावी लागतात, आणि फ्रिज-फ्रीझरची तारीख आहे १ ऑगस्ट. खोलीच्या एसीची १ जुलै. काहीही बदललेलं नसलं तरी कळवायचं. बंद केलेलं मॉडेलही 'बंद' म्हणून कळवायचं. मी जुलै २०२५ च्या सुरुवातीलाच फाइल उघडली, कारण महिन्याच्या शेवटी सगळेच उघडतात.

त्याआधी मे महिन्यात डीओईने नियम शिथिल करण्याचे ४७ प्रस्ताव एकदम जाहीर केले होते, त्यात उपकरणांची मानकंही बरीच होती. पाजींचा लगेच प्रश्न, "अब भरना है कि नहीं?" भरायचंच होतं. प्रस्ताव म्हणजे नियम नव्हे. जुना नियम रद्द होईपर्यंत तो पाळायचाच. पण यानिमित्ताने एक जाणवलं. जुळवून घेणं म्हणजे आजवर बहुतेक वेळा अमेरिकेने पुढे जायचं आणि कॅनडाने मागून यायचं असंच होतं. पुढचा मागे फिरला तर मागचा काय करणार, याचं उत्तर कुठल्याच फॉर्ममध्ये नाही. माझ्या मते आमच्यासारख्यांनी दोहोंतला जो कडक असेल तो धरून माल मागवावा. वेगवेगळे दोन फ्रीझर बनवून घेण्याइतकी आमची ऑर्डर मोठी नाही.

वार्षिक नोंद एका दुपारीत झाली, वर सांगितलेल्या पत्रकामुळे. पुढचं मॉडेल उभा फ्रीझर आहे, त्याचे नग चाचणीला गेलेत आणि गुणक ०.८५ आहे हे पाजींना आधीच सांगून ठेवलंय. आणखी एक, कुणी सांगत नाही म्हणून: मॉडेल बंद केल्याचं डीओईला कळवल्यानंतरही त्याचे चाचणीचे कागद दोन वर्षं सांभाळावे लागतात. नोकरी बदललीत तर ते फोल्डर कुठे आहे ते नव्या माणसाला लिहून देऊन जा. आमच्याकडे ते दोन ठिकाणी आहे, एक ब्रॅम्प्टनला, एक बफेलोला.